बॅग भरून जाणारी मुलं

ह्या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली, मग म्हटलं बाकीचं (सासूचा मोबाईल, सुनेचं डाएट, नेहमीचं) पुढच्या अंकात ढकलूया आणि हा अंक ह्याच विषयाला देऊन टाकूया. विषय मानवी तस्करीचा. आपल्या गोव्यातल्या हायस्कूलच्या मुलांना हे सांगायचं का, कसं सांगायचं, किती सांगायचं. पत्रं थोडी कापलीत, नावं आणि गावांच्या खुणा काढल्यात, आणि दोघांना मी अंकाची वाट न बघता आधीच कळवलंय कारण अंक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं.

बाई, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलात नववीला शिकवते. ३० जुलैला तस्करीविरोधी जागतिक दिन असतो म्हणून हेडमास्तरांनी मला एका पिरियडचं सेशन घ्यायला सांगितलं. मी नेटवरून पीपीटी काढली, त्यात साखळ्या, बांधलेले हात, अंधारात रडणारी मुलगी असं सगळं. मागची मुलं फिदीफिदी हसत होती, पुढच्या दोघी रडकुंडीला आल्या, आणि दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन की पोरगी आता बालरथात (शाळेच्या बसमध्ये) चढायला घाबरते. माझं काय चुकलं? पुढच्या वर्षी परत माझ्याच गळ्यात पडणार आहे हे.

तुला तू म्हणते हं, पत्रावरून तरी माझ्या मुलीच्या वयाची वाटतेस. पहिलं काम, ती पीपीटी डिलीट कर. चूक तुझी एकटीची नाही, नेटवर ह्या विषयाचं जे मिळतं त्यातलं बरंचसं तसलंच असतं, पण साखळीचा फोटो बघितलेली मुलगी मग साखळीच शोधत बसते आणि तिला न्यायला येणारी असते शेजारच्या वहिनीची मावसबहीण, हातात केकचा खोका घेऊन आलेली. व्हॅनमध्ये कोंबून पळवून नेलं असं क्वचित होतं. बहुतेक वेळा मूल स्वतःच्या पायांनी जातं, बॅग भरून, नवा ड्रेस घालून, आईला टाटा करून, आणि तो ड्रेससुद्धा नेणाऱ्यानेच घेऊन दिलेला असतो. हे एकदा तुझ्या डोक्यात बसलं की सेशनमधलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं ते तुझं तुलाच कळायला लागेल.

तस्करी हा शब्द पहिल्याच मिनिटाला फळ्यावर लिहू नकोस. मी शाळेत शिकवायचे तेव्हा एकदा लिहिला तर एक मुलगा म्हणाला, बाई, दाबोळीच्या विमानतळावर सोनं पकडतात ते ना? त्याचं काय चुकलं, त्याने पेपरात तेच वाचलेलं. शिवाय तस्करी म्हटलं की कुठली तरी सीमा ओलांडायला पाहिजे असं वाटतं, तसं काही नाही, सांखळीहून फोंड्याला नेलं तरी ती तस्करीच आणि कधीकधी तर गावच्या गावात होते. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (आधी आयपीसीत ते ३७० होतं) तीन गोष्टी बघतं. माणसाचं काय केलं, म्हणजे कामाला म्हणून जमवलं, नेलं, ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या हवाली केलं की ताब्यात घेतलं. कसं केलं, धमकी देऊन, जबरदस्तीने, फसवून, आमिष दाखवून. आणि कशासाठी, तर लैंगिक शोषण, गुलामासारखं राबवणं, भीक मागायला लावणं, अवयव काढणं. मूल असेल तर शिक्षा कमीत कमी १० वर्षं, ती जन्मठेपेपर्यंत जाते. हे एवढं पुरे, पण त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे ती मात्र मुलांकडून पाठ करून घे, की नेलेल्या माणसाने 'हो' म्हटलेलं असलं तरी गुन्हा तो गुन्हाच. का सांगते, अडकलेल्या मुलीच्या डोक्यात पहिलं वाक्य येतं ते 'मीच गेले ना' हे, आणि त्या एका वाक्यापायी ती फोन करत नाही.

आता सेशन. एक पिरियड पुरत नाही, हेडमास्तरांना सांग की मला चार दे, पण लागोपाठ नको, महिन्यातून एक. नागरिकशास्त्रात शोषणाविरुद्धचा हक्क येतोच, कलम २३ आणि २४, तिथे घुसवता येतं. मी काय करायचे सांगते. फळ्यावर एक जाहिरात लिहायचे, माझीच बनवलेली: 'पाहिजेत मुलगे-मुली. दिवसाला ३,००० रुपये. अनुभव नको. राहणं-जेवण फ्री. फुल साईज फोटो व्हॉट्सअॅप करा. आजच.' आणि विचारायचे, जायच्या आधी काय काय विचाराल? पहिल्या वर्षी एक मुलगी पटकन म्हणाली, बाई कुठे आहे हे, मीच जाते, सगळा वर्ग हसला, मी पण हसले आणि म्हटलं तुझ्या वयात मी पण गेले असते. मग हळूहळू प्रश्न यायला लागले, कंपनीचं नाव कुठाय, फुल साईज फोटो कशाला, आजच का, परत यायचं तिकीट कोण काढणार, मोबाईल माझ्याकडे राहणार का. आणि शेवटी मागच्या बाकावरचा एक, जो वर्षभर वहीत फक्त बायका काढायचा (मोटारबायका!), तो म्हणाला, बाई, काम काय ते लिहिलंच नाहीये. खरंच नव्हतं लिहिलेलं. चाळीस मुलांनी वाचलं आणि मी तर स्वतः लिहिलेलं. त्या दिवशी मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

गणिताच्या सरांनाही ह्यात ओढ. असं गणित घालायला सांग: पगार १२,००० ठरला, आईच्या ऑपरेशनसाठी ४०,००० अॅडव्हान्स घेतले, त्यावर महिना ५ टक्के व्याज म्हणजे २,०००, राहणं-जेवणाचे ५,००० कापले, एजंटचे ४,०००, उशिरा उठल्याचा, प्लेट फोडल्याचा दंड १,५००. बेरीज करा. १२,५०० होते, म्हणजे महिनाभर राबून ५०० रुपये अंगावर अजून चढले आणि मुद्दल आहे तिथेच. आठवीचं पोरही हे करतं आणि मग विचारतं, सर, हा सुटणार कधी? वेठबिगार म्हणजे काय ते ह्याहून चांगलं मला तरी सांगता येत नाही, आणि १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा म्हणतो की असलं कर्ज फेडायची गरजच नाही, ते कर्जच रद्द, ते पण सांगायचं.

मग चिठ्ठ्यांचा खोका. बुटांचा रिकामा खोका घ्यायचा, वर फट पाडायची, आणि सगळ्यांनी चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसला तर कोरी टाकायची, म्हणजे कोण लिहितंय ते बाकीच्यांना कळत नाही. बऱ्याच कोऱ्या येतात, काही चावट येतात, ते सोडून द्यायचं. एका वर्षी एक चिठ्ठी आली, पेन्सिलने लिहिलेली, चारच शब्द: 'आणि ओळखीचा असला तर?' मी ती वर्गात मोठ्याने वाचली आणि उत्तर देताना माझाच आवाज जरा चिरकला, कारण तोपर्यंतचं माझं निम्मं लेक्चर 'अनोळखी माणसाशी बोलू नका' ह्यावर चाललेलं. मडगावातली फ्रेडी पीट्सची केस तुला माहीत नसेल, १९९१ ला त्याला पकडलं. निराधार मुलांना आसरा देणारा म्हणून तो माणूस वावरायचा आणि त्याच मुलांचं शोषण करायचा, त्यांना परदेशी लोकांच्या हवाली करायचा, १९९६ ला जन्मठेप झाली. मुलांना त्यातले किळसवाणे तपशील द्यायचे नाहीत, एवढंच सांगायचं की गाव ज्याला हात जोडतं त्याच्याजवळ बसताना जरी पोटात गोळा आला तरी तो गोळा खरा समजा आणि कुणाला तरी येऊन सांगा.

मुलग्यांना बाहेर खेळायला पाठवून मुलींनाच बसवायचं हा आपल्याकडचा लाडका घोळ, तो करू नकोस. मुलगे पण नेले जातात, बांधकामावर, हॉटेलच्या किचनमध्ये, मासेमारीच्या बोटीवर, आणि आता कॉम्प्युटरसमोर (त्याबद्दल खाली एका पत्रात आहे). शिवाय मोठेपणी गिऱ्हाईक म्हणून जाणारे पण मुलगेच असणार, तो विषय पंधराव्या वर्षी नाही काढला तर कधी काढणार?

जपून बोल मात्र. तुझ्या वर्गात विजापूरहून, बेळगावहून, यूपी-बिहारहून आलेल्या मजुरांची मुलं असतीलच, 'बाहेरून आलेल्या मुलींना इथे विकतात' असं वाक्य तुझ्या तोंडून गेलं की मधल्या सुटीत त्यांना 'घाटी' म्हणून अजून चार टोमणे. मी हे केलंय एकदा, म्हणून सांगते.

आणि शेवटची पाच मिनिटं नंबरांची. १०९८ मुलांसाठी, ११२ पोलीस, १९३० सायबर फसवणूक. पण त्याच्याआधी विचार, आईचा नंबर कुणाकुणाला पाठ आहे? चाळीसात सहा-सात हात वर येतील बघ. मोबाईल काढून घेतला की जो नंबर तोंडपाठ आहे तेवढाच आपला.

मी पेडण्याचा एक पालक. मुलगी आठवीत, मुलगा अकरावीत. शाळेत हल्ली हे तस्करी-बिस्करीचे विषय काढतात, आठवीच्या पोरांना हे कशाला कळायला पाहिजे? नको ते डोक्यात जातं. आमच्या घरच्या मुली घरात असतात, हे सगळं बाहेरून आलेल्यांचं चालतं, त्यांनी बघावं ना.

भाऊ, तुमचा राग समजतो पण 'बाहेरून आलेल्यांचं' हा शब्द जरा उलटा करून बघूया. गोव्यात मुली बाहेरून आणल्या जातात हे खरंच आहे, पश्चिम बंगाल, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, कधी नेपाळहून, पण आणतात कुठे? इथे. ठेवतात कुणाच्या खोल्यांत? आपल्याच. २००४ मध्ये वास्कोची बायणाची वस्ती बुलडोझर घालून मोडली तेव्हा पुष्कळ जणांना वाटलं, संपलं एकदाचं. धंदा वस्तीतून उठला आणि स्पा, मसाज पार्लर, भाड्याचे फ्लॅट, मोबाईलवरची अॅप्स असा पसरला, म्हणजे आधी एका जागी दिसायचा तो आता कुठेच नजरेला येत नाही.

तुमचा पेडणे तालुका तर माझ्या डोळ्यांदेखत बदलला. हरमल, मांद्रे, मोरजीला आधी गर्दी होतीच, २०२३ ला मोपाचा विमानतळ चालू झाला आणि आता आतल्या गावातसुद्धा लोकांनी वरचा मजला काढून रूम भाड्याने लावल्यात. चांगलं आहे, चार पैसे येतात. पण त्या रूमचं रजिस्टर कोण भरतं? बऱ्याच घरांत अकरावीतला मुलगाच, कारण बाबांना इंग्लिश जमत नाही आणि आई किचनमध्ये. आता गोव्याचा स्वतःचा एक कायदा आहे, गोवा बाल कायदा, २००३ चा. त्यात स्पष्ट आहे की हॉटेलच्या किंवा लॉजच्या खोलीत लहान मूल (१८ च्या आतलं) त्याच्या कुटुंबाबरोबर किंवा नातेवाईकांबरोबर राहतंय अशी नोंद असल्याशिवाय आत घ्यायचं नाही, आणि आवारातल्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक-मॅनेजरची. तुमच्या मुलाला हे माहीत आहे का? रात्री साडेदहाला एखादा काका पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला, मुलगी वर बघत नाहीये, तिचं आधारकार्ड काकाच्या पाकिटात आहे आणि ते 'मिळत नाहीये', तर काय करायचं हे त्याला शाळेत नाही शिकवलं तर कुठे शिकणार तो.

आणि मुलगी घरात असते म्हणता. मोबाईल आहे ना हातात? मग ती घरात आहे आणि नाही पण. गेममध्ये ओळख होते, तो म्हणतो मी सतरा वर्षांचा, महिनाभर रोज गुड मॉर्निंग, मग एक फोटो, मग अजून एक 'फक्त माझ्यासाठी', आणि मग धमकी की बाबांना पाठवतो, नाहीतर अमक्या ठिकाणी भेटायला ये. ह्या सगळ्यात त्याचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो, की मुलगी घरी सांगणार नाही. आणि ती का सांगत नाही, तर आपण आधीच सांगून ठेवलेलं असतं, असलं काही केलंस तर मोबाईल फोडीन, तंगडं मोडीन. मी काही तुम्हाला रागावत नाही, आमच्या घरात पण हेच चालायचं.

एक छोटी गोष्ट करून बघा. आमच्याकडे नातवंडांबरोबर एक वाक्य ठरवलंय. कुठेही असली आणि काही बरं नाही वाटलं तर फोन करून विचारायचं, 'माटोळीला नारळ किती आणले?' माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती फळांची, पण भर मे महिन्यात विचारलं तरी आम्ही एक प्रश्न न विचारता गाडी काढणार, आणि घरी आल्यावर निदान त्या दिवशी तरी लेक्चर नाही. मोठी नात एकदा म्हापशाला बर्थडे पार्टीला गेलेली तिथून हे वाक्य आलं. फार काही नव्हतं, मैत्रिणीच्या भावाचे मित्र दारू पिऊन आलेले एवढंच. आजोबा वीस मिनिटांत पोचले, लुंगीवर.

मी बारावीत आहे. माझ्या आत्येभावाला (वय २२, हॉटेल मॅनेजमेंट केलंय) बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीची ऑफर आलीय, महिना ९०,०००, टेलिग्रामवर दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू झाला, एजंट म्हणतो आधी टुरिस्ट म्हणून चल, वर्क परमिट तिथे गेल्यावर करतो. घरात सगळे खुश आहेत, आत्येने दागिने गहाण ठेवायचं ठरवलंय. कॉलेजात एका सेशनमध्ये मी असंच काहीतरी ऐकलेलं म्हणून मला भीती वाटतेय पण घरात माझं कोण ऐकणार.

बाय, तुझी भीती शंभर टक्के बरोबर आहे आणि हे उत्तर मी तुला आधीच पाठवलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतेय.

म्यानमारमध्ये थायलंडच्या सीमेला लागून म्यावाडी नावाचं गाव आहे, मधे फक्त एक नदी. बँकॉकच्या नोकरीचं सांगून पोरांना विमानाने आणतात, एअरपोर्टवर गाडी येते, सात-आठ तास रस्त्याने नेतात, रात्री नदी ओलांडतात, आणि मग उंच भिंतींच्या आत पासपोर्ट काढून घेतात. आत काम काय, तर खोटं प्रोफाईल बनवून, बहुतेक वेळा सुंदर मुलगी म्हणून, लोकांशी गोड गोड बोलायचं आणि त्यांना खोट्या गुंतवणुकीत पैसे टाकायला लावायचे. टार्गेट नाही झालं तर मारहाण, शॉक, आणि सोडायचं असेल तर घरच्यांकडून पैसे मागवा. कंबोडियात, लाओसमध्ये पण असे अड्डे आहेत. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाची विमानं पाठवून ५०० पेक्षा जास्त भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. शिकलेली मुलं होती, इंग्लिश येणारी, टायपिंग येणारी. तीच पाहिजे असतात त्यांना. आपण समजतो अडाणी, गरीब तेच फसतात.

म्हणजे बाहेर जाऊच नये असं मी म्हणत नाहीये हं, गोव्यात बसून असं म्हणणारी बाई वेडीच. माझा सख्खा भाऊ तारवटी होता, त्याच्या बोटीच्या पगारावर आमचं घर उभं राहिलं. मुद्दा एवढाच की कोण नेतंय ते बघा. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, तो नंबर ई-मायग्रेटच्या वेबसाईटवर टाकला की खरा का खोटा कळतं, आणि तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो. बोटीवरच्या कामाला डीजी शिपिंगचं (केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं) वेगळं लायसन्स असतं आणि तिथे तर खलाशाकडून नोकरी लावायचे पैसे घ्यायचेच नसतात. टुरिस्ट म्हणून चल, परमिट मग करू, हे वाक्य ऐकलं की तिथेच उठायचं, पुढचं ऐकायची गरजच नाही.

घरात तुझं कोण ऐकणार म्हणतेस, तर भांडू नकोस, भावालाच पाच प्रश्न काढून दे आणि म्हण, एजंटला हे लेखी विचार. कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता, लायसन्स नंबर, कॉन्ट्रॅक्ट, वर्क व्हिसा आधी का नाही, परतीचं तिकीट. खरा एजंट कुरकुरत का होईना देतो, खोटा चिडतो किंवा घाई करतो, 'सीट जाईल' म्हणतो. (तिचं उत्तर आलं: एजंटने दुसऱ्या प्रश्नालाच ब्लॉक केलं. आत्या अजून तिच्यावर फुगून बसलीय, चवथीपर्यंत येईल ठिकाणावर.)

सेशन झाल्यावर एक मुलगी मागे थांबली आणि म्हणाली टीचर, कुणाला सांगणार नाही असं प्रॉमिस करा मग सांगते. मी प्रॉमिस केलं. आता तिने जे सांगितलंय ते घरातल्याच माणसाबद्दल आहे आणि मला झोप नाही. (काणकोण)

प्रॉमिस मोडावं लागेल, टीचर, आणि मोडताना तिलाच आधी सांगायचं. 'मी चुकीचं प्रॉमिस दिलं, ह्यात तुला सोडवायचं असेल तर अजून माणसं लागतील, पोलीससुद्धा, पण ज्यांना सांगायलाच पाहिजे त्यांच्यापलीकडे मी कुणाला सांगणार नाही', असं सरळ. पुढच्या वेळी सुरुवातीलाच म्हणायचं, तुला धोका असेल असं काही असलं तर मला सांगावं लागेल, बाकी सगळं पोटात ठेवीन. गंमत म्हणजे हे ऐकूनसुद्धा मुली सांगतात, त्यांना सुटायचंच असतं.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय जरी आला तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुमच्यावर पण आणि हेडवर पण. न कळवल्याबद्दल शिक्षा आहे, चांगल्या हेतूने कळवल्याबद्दल नाही. हेडमास्तर म्हणाले शाळेचं नाव जाईल, थांबूया, तर थांबायचं नाही.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत कागदावर लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून. परत परत विचारू नका, समुपदेशक मॅडमना परत सांग, हेडना परत सांग, असं तर मुळीच नको. तो माणूस घरातलाच आहे तर आधी घरी फोन करायचा नाही, लोक नेमकं हेच करतात आणि दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत येत नाही, मामाच्या गावी गेलेली असते. १०९८ ला लावा, ते बाल कल्याण समितीपर्यंत नेतात. मुलीला हे सांगा की जबाब घ्यायला शक्यतो महिला पोलीस येते, युनिफॉर्ममध्ये नाही, आणि तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेतात, रात्री पोलीस स्टेशनवर ठेवता येत नाही. तिच्या डोक्यात पोलीस म्हणजे सिनेमातलं लॉकअप असतं. आणि स्टाफरूममध्ये एक अक्षर नको, चहाबरोबर तर नाहीच.

नववीतल्या माझ्या मुलाने सेशनवरून आल्यावर विचारलं, आई, समोरच्या बंगल्यात ती मुलगी राहते ती शाळेत का जात नाही? दहा-अकरा वर्षांची असेल, 'शिकायला ठेवलीय' म्हणतात पण सकाळी साडेपाचला अंगण झाडताना दिसते. शेजारधर्म पण आहे. फोन केला तर आमचं नाव कळेल का? (फोंडा)

नाव न सांगता फोन करता येतो. १०९८ ला घर नंबर माहीत नसला तरी खूण सांगा, देवळाच्या मागे, निळं गेट, एवढं चालतं. आणि ती मुलगी कधी दिसते, काय करते, अंगावर काही खुणा, बाहेर एकटी जाऊ देतात का, हे जेवढं डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगा. चौदाच्या आतल्या मुलाला घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, 'आम्ही तिला मुलीसारखी ठेवलीय' ह्याला कायद्यात जागा नाही. तिला कुणी आणून दिली, त्याचे पैसे कुणी घेतले, ते शोधणं पोलिसांचं काम, तुम्ही बंगल्यात जाऊन विचारू नका, नाहीतर रातोरात हलवतील तिला.

शेजारधर्माचं म्हणता म्हणून सांगते. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा आमच्याकडे अशीच एक होती, घाटापलीकडून आणलेली, नऊ-दहा वर्षांची. सगळे तिला 'चेडू', म्हणजे नुसतं 'पोरी', म्हणून हाक मारायचे, मी पण. बीएड झालेली, शाळेत शिकवणारी बाई मी, आणि तिचं नाव मला दोन वर्षांनी कळलं, ते पण ती तापात बडबडली म्हणून. पुढे तिला कुणीतरी येऊन घेऊन गेलं, कोण ते आम्ही विचारलं सुद्धा नाही.

तुमच्या मुलाला सोबत बसवून फोन करा. त्याने बघितलंय, त्यालाच सांगू दे.